मीठ होतं, असं सांगितलं

...नाही हो, बाहेरून बघून काही कळायचं नाही. बाहेरून काय, नवरदेवासारखं नटवून आणलंय तुम्ही इंजिन! हा एल्बो बघा — धूर आणि पाणी इथूनच बाहेर पडतं — बोट घाला आत. घाला की, चावत नाही. लागले पापुद्रे? मिठाचा गंज तो. वाट पार बुजत आलीय. आणखी थोडं चालवलं असतं ना, तर खारं पाणी उलटं फिरून सिलेंडरमध्ये शिरलं असतं, आणि मग भर समुद्रात इंजिन जाम. ताईनं पाठवलं ना तुम्हाला? वाटलंच. धक्क्यावर उभी राहते आणि येईल त्या बोटवाल्याला धरते — इंजिनाला गोडं पाणी पाजलंस का, एल्बो कधी उघडून बघितलास — आधी लोक वेडी म्हणायचे, आता मुकाट्यानं ऐकतात. बरीच इंजिनं वाचली तिच्यामुळे. माणसंही वाचली असतील, कोण जाणे.

ते? कोपऱ्यातलं? नाही, ते विकायचं नाही. सुटे भागसुद्धा नाही. भाऊजींचं आहे, ताईच्या नवऱ्याचं. ऐकलं असेल तुम्ही — बोट सापडली, भाऊजी नाही सापडले. वारा नव्हता, लाट नव्हती. बोट वाहत जाऊन खडकावर फुटलेली, इंजिन पाण्याखाली. ते बाहेर काढलं तेव्हा ताई टेम्पोत त्याच्या शेजारी बसून इथे आली. रडली नाही. "उघड," म्हणाली, "आणि कशानं बंद पडलं ते सांग." म्हटलं, "ताई, आधी घरी जा, दोन घास खा." "तू उघड गं." मग उघडलं. काय करणार?

गंज होता. असणारच, पाण्यात पडलेलं ते. पण तो नंतरचा — वरवरचा, सगळीकडे सारखा. एल्बो? एल्बो नवाकोरा. भाऊजींनी स्वतःच बदललेला, मला पत्ताही नाही. टाकीत डिझेल होतं. मग बंद कशानं पडलं? टाकीतून इंजिनात डिझेल सोडणारा कॉक बंद होता. हा असला कॉक — फिरवून बघा, घट्ट आहे की नाही? आपोआप नाही फिरत. म्हटलं, दुरुस्तीसाठी केला असेल बंद. तर हत्यारांची पेटी दोरीनं बांधलेली, तशीच्या तशी. आणि खाली, समुद्राचं पाणी आत घेणारा कॉक — तोही बंद. धक्क्याला बोट बांधली की घरी जायच्या आधी करतात ना, अगदी तसं. घाई नाही, गडबड नाही. भर समुद्रात असं कोण करतं? — तुम्ही असं बघू नका माझ्याकडे.

मी हात धुतले. परत धुतले. काही वाटलं नाही. अजून नाही वाटत, दुसऱ्या कुणाच्या घरचं ऐकल्यासारखं वाटतं. त्या सकाळी भाऊजी इथून ग्रीसचा डबा घेऊन गेले होते, नवा, सील न फोडलेला. परत न येणारा माणूस ग्रीस नेतो का? मी खूप विचार केला. नेत असेल.

ताई बाहेर पायरीवर बसलेली. मी आधी दोन्ही कॉक उघडले, मग गेले. "काय होतं?" "मीठ," म्हटलं. "मीठ होतं गं ताई. एल्बो खाऊन टाकला होता." तिनं एवढा मोठा श्वास सोडला — "म्हणजे त्यांना यायचं होतं." म्हटलं, हो. यायचंच होतं. मग ती जेवली. इथेच, त्या बाकावर, माझ्या डब्यातलं. मी नवा एल्बो काढला आणि भंगारातला सडका लावून ठेवला. तिला त्यातलं काही कळत नाही, पण येते मधूनमधून. बोट घालते आत, तुम्ही घातलंत तसं. बघते, पुसते, जाते. कसं विकणार?

तुम्ही नुसतं विचारलंत, विकता का. एवढंच तर विचारलंत. — नाही विकत. झालं. तुमचा एल्बो मागवते, पुढच्या आठवड्यात या. नाही, काही बोलू नका. आणि आज धक्क्यावरून जाऊ नका, मागच्या गल्लीनं जा. तुमचं तोंड बघून तिला कळेल. जा.