दगडावरचा एम्ब्रोज

(इंग्लंडमधलं एक खेडं. चर्चचं आवार, उत्तरेकडचं कुंपण. सत्तरी ओलांडलेले बहीणभाऊ.)

एम्ब्रोज : वाच, एनिड. मोठ्यानं वाच. या दगडावर माझं नाव आहे! माझं!

एनिड : त्यात काय एवढं? पणजोबा एम्ब्रोज, आजोबा एम्ब्रोज, लढाईत गेलेले थोरले काका एम्ब्रोज. इथं डोळे मिटून खडा मारला तरी एखाद्या एम्ब्रोजला लागेल.

एम्ब्रोज : पणजोबांची कबर सापडेल म्हणून वेली उपसत होतो. हा अकरा महिन्यांचा आहे, एनिड! खाली ‘यांचा मुलगा’ म्हणून आपल्या आईबाबांची नावं आहेत. माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी गेलाय. अगं बोल ना!

एनिड : आधी बस. त्या शेजारच्या थडग्यावर टेक. गॉसबाई काही उठून ओरडणार नाहीत.

एम्ब्रोज : तुला ठाऊक होतं?

एनिड : मी सहा वर्षांची होते. डांग्या खोकल्यानं गेला तो. मग तू झालास आणि आजोबा हट्टाला पेटले. शेत एम्ब्रोजच्या नावानं चालत आलंय, घरात एम्ब्रोज हवाच. त्यांच्या काळची रीतच ती, मूल गेलं की पुढच्याला तेच नाव.

एम्ब्रोज : आणि आई?

एनिड : तिला पीटर ठेवायचं होतं. बाप्तिस्म्याला पाद्रीबाबांनी बाळाचं नाव विचारलं, तर तिच्या तोंडून शब्द फुटेना. आजोबांनीच खणखणीत आवाजात सांगून टाकलं.

एम्ब्रोज : म्हणून जन्मभर मला ‘राजा’. शाळेत न्यायला आली तरी ‘आमचा मुलगा कुठाय?’ मला वाटायचं, लाड करते.

एनिड : लाडही होतेच रे. पण ते नाव घेतलं की तिला हे कुंपण दिसायचं.

एम्ब्रोज : म्हणजे आयुष्यभर मी दुसऱ्याचा सदरा घालून फिरलो! आणि तू तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीस?

एनिड : आईनं शपथ घातली होती. ती गेल्यावर सांगणार, तर तू त्या नावाचाच डंका पिटत सुटलास. वंशावळीचा तक्ता काय, त्याला सोनेरी चौकट काय! कुठल्या तोंडानं सांगू?

एम्ब्रोज : आणि रविवारी नातवाचा बाप्तिस्मा.

एनिड : ठाऊक आहे. केक मीच करतेय.

एम्ब्रोज : सुनेला हे नाव नको होतं. रडली बिचारी. मी टेबलावर मूठ आपटून म्हणालो, या घरात एम्ब्रोज हवाच.

एनिड : आजोबांनीही टेबलच आपटलं होतं.

एम्ब्रोज : अरे देवा.

एनिड : चल, ऊठ. गारठा बाधेल.

एम्ब्रोज : थांब. तुझा फोन दे.

एनिड : कुणाला करतोस?

एम्ब्रोज : सुनेला. तिच्या मनात कुठलं नाव होतं, ते मी विचारलंच नाही.