तांब्याच्या टोकाची काडतुसं

(वायोमिंग. कुरणातल्या टेकडीवर एका म्हाताऱ्याची कबर. खाली कुंपणापाशी शेजारीपाजारी जमलेले.)

आल्डन: रिव्हॉल्व्हरमधली ती पाचही काडतुसं बाहेर काढ, ऑर्व्हिल.

ऑर्व्हिल: आलंच. मी आयडाला म्हटलंच होतं, तुझा भाऊ यंदाही काहीतरी खुसपट काढणार.

आयडा: दादा, बाबांचा वाढदिवस आहे. दरवर्षीसारखे पाच बार काढायचे, खाली जाऊन जेवायचं. एवढंच तर असतं.

आल्डन: दरवर्षीचे बार शिशाच्या गोळ्यांचे होते. या गोळ्यांना तांब्याचं टोक आहे, आणि काडतुसाच्या तळावर 'एच.व्ही.' कोरलंय.

ऑर्व्हिल: वाचता येतं मला. हाय व्हेलॉसिटी. वेग जास्त. शिशाची संपली, म्हणून कोठारातला डबा काढला. म्हाताऱ्याने स्वतः ठेवलेला. आणि ही बसतात कशी गपकन, बघ ना.

आल्डन: बसतात, हाच तर सापळा आहे. रायफल आणि रिव्हॉल्व्हर दोन्हींना एकाच मापाचं काडतूस, म्हणून बाबांच्या पिढीने कमरेला एकच पट्टा बांधला. पुढे त्याच मापात जास्त जोराचं काडतूस निघालं. खोक्यावर 'फक्त रायफलसाठी' असं छापलेलं असे. खोकं गेलं, काडतुसं कॉफीच्या डब्यात आली. तुझ्या हातातलं रिव्हॉल्व्हर बंदुकीच्या जुन्या, कमी जोराच्या काळ्या दारूच्या काळातलं आहे, जावईबापू. त्याचं लोखंड हा दाब सोसणार नाही. काडतुसांचं चक्र फुटेल, आणि त्याबरोबर तुझी बोटं.

ऑर्व्हिल: झालं व्याख्यान? आता सरळ बोल. म्हाताऱ्याने हे जावयाला दिलं, पोटच्या पोराला नाही. ते अजून तुझ्या घशाखाली उतरत नाही.

आल्डन: नाही उतरत.

आयडा: दादा, अरे…

आल्डन: खरं तेच बोलला तो. गुरं आणि मेहुणे, या दोन प्राण्यांबाबत त्याचं निदान सहसा चुकत नाही.

ऑर्व्हिल: सकाळी स्वयंपाकघरात मागे लागला होतास, 'माझ्या वाट्याला आलेली बाबांची रायफल घे नि रिव्हॉल्व्हर दे'. मी नाही म्हटलं. आणि दुपारी लगेच ते फुटायला लागलं.

आल्डन: काडतुसं मी आत्ता पाहिली.

ऑर्व्हिल: सोयीचंच आहे की.

आयडा: दादा, माझ्याकडे बघ. तू हे मत्सरापायी म्हणतोयस का?

आल्डन: मत्सरापायीच मला हे ठाऊक आहे. ज्याला मिळालं त्याने खुंटीला टांगलं. ज्याला नाकारलं त्याने त्याविषयी छापलेलं प्रत्येक पान वाचून काढलं. रोमच्या इतिहासावरही मी इतकं वाचलं नसेल, आणि तो तर मी आयुष्यभर शिकवला. तुझ्या नवऱ्याचं वाईट चिंतायचं असतं, तर मला काहीच करावं लागलं नसतं. नुसतं गप्प राहायचं. आणि गप्प राहिलो होतो, आयडा. तो पाचवं काडतूस घालीपर्यंत.

आयडा: ऑर्व्हिल, काढ ती.

ऑर्व्हिल: अगं, सगळे वर बघत उभे आहेत. मेहुण्याने दम दिला म्हणून बार न काढता खाली उतरू?

आयडा: कुणी आपल्या तोंडाने असलं सांगतं का? तो खोटं बोलत नाहीये. काढ.

ऑर्व्हिल: …काढली. धर. पण बार होणारच. प्रोफेसर, ती रायफल गाडीतच आहे ना तुझ्या? तिला चालतील ही?

आल्डन: तिच्यासाठीच केलेली आहेत.

ऑर्व्हिल: मग सकाळचा सौदा कबूल. किल्ली दे. आणि हे घे, तुझं झालं.

आल्डन: इतक्या सहज?

ऑर्व्हिल: लोखंडाचं काय लोणचं घालू? मला म्हाताऱ्याला बार द्यायचेत. आलोच.

आयडा: गेला बघ पळत. लहान मुलासारखा.

आल्डन: हे मला वाटलं होतं त्यापेक्षा हलकं आहे.

आयडा: चक्र रिकामं आहे ना आता. सरक मागे, दादा, आला तो. खांद्याला लावली. कान झाक.

आल्डन: नको.

आयडा: …बाई गं. केवढा घुमला. खाली बघ, टोप्या काढल्या सगळ्यांनी.

आल्डन: कुणासाठी?

आयडा: बाबांसाठी, अजून कुणासाठी?

आल्डन: बघताहेत मात्र त्याच्याकडे.

आयडा: पुरे रे. जे हवं होतं ते हातात आहे ना तुझ्या?

आल्डन: आहे. त्या रायफलीचा आवाज इतका चांगला आहे, हे मला कधी कुणी सांगितलं नाही.