हिराबाईचा खोकला

माझ्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक विचारता ना? ती सातपाटीच्या हिराबाईच्या बाबतीत झाली. साठच्या दशकात मी पालघरात नवा डॉक्टर होतो. मासळी विकणाऱ्या हिराबाईला तीन आठवडे कोरडा खोकला आणि बारीक ताप होता. पेनिसिलिनची इंजेक्शनं देऊनही फरक पडेना. छातीच्या फोटोत डाग दिसला आणि मी तिच्या सासूसमोर बोलून गेलो, "टीबी वाटतोय."

आठवड्याने हिराबाई एकटीच आली. थुंकीत टीबीचे जंतू सापडले नव्हते.

"घरात आणखी कोण खोकतं?" मी तेव्हा कुठे विचारलं.

"आदी दीर खोकत होता. पंधरा दिसांनी मी, आता नवरा. पन पडवीत मलाच झोपवतात."

टीबी असा पंधरा-पंधरा दिवसांत घरभर फिरत नाही. हा पेनिसिलिनला दाद न देणारा वेगळा न्यूमोनिया होता. मी टेट्रासायक्लिन सुरू केलं. चार दिवसांत ताप उतरला.

"हिराबाई, बऱ्या झालात," मी खुशीत म्हणालो.

"तुमचा शब्द गावभर झाला, डॉक्टर. आता टीबी नाय, हे माझ्या तोंडून कोन ऐकेल?"

त्याच संध्याकाळी मी सातपाटीला गेलो. तिच्या अंगणात शेजारीपाजारी जमले. "हिला टीबी कधीच नव्हता. चूक माझी होती," मी म्हणालो.

सासू उठली, सुनेचा हात धरला आणि तिला घरात घेऊन गेली.