मल्हाररावांची गाडी घरात येते

...आणि वर म्हणे, नक्शा कशाला? अहो, घराला गॅरेज जोडायचं तर नगर निगमकडून, म्हणजे तुमच्याकडच्या महापालिकेकडून हो, नक्शा मंजूर करून घ्यायला नको? पण तुम्हाला सांगते, आमच्या शेजारच्या मल्हाररावांना धीर कुठला! शालिनीताईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, गल्लीत जागा नाही, म्हणून गाडी उभी करायची ती पार पाटणकर बाजाराच्या तोंडाशी, आणि तिथून त्या बिचाऱ्या भिंती धरधरून घरी येणार... ते मल्हाररावांना बघवेना. हिला घरातच, सावलीत उतरवायचं, बस, एवढंच डोक्यात. ठेकेदार समरजीतनं अंगणात टेप धरला न धरला, म्हणाला, "हो जाएगा, बाबूजी."

पिलर उभे राहिले, आणि निगमचे साहेब हजर. "बगल में खुली जगह छोड़नी पड़ती है. परमिशन कहाँ है?"

"अहो, जमीन माझी आहे."

"जमीन आपकी, नियम हमारा."

मल्हाररावांनी समरजीतकडे बघितलं. तो तंबाखू मळत होता. "हो जाएगा."

मग काय, रोज निगमात. ही खिडकी म्हणे त्या खिडकीवर जा, ती म्हणे साहेब मुरारच्या ऑफिसला गेलेत, मुरारला जावं तर साहेब इकडे निघालेले... शालिनीताई म्हणायच्या, "राहू द्या हो, मी चालते हळूहळू." तर मल्हारराव चपला घालून पुन्हा निघायचे. शेवटी नक्शा मंजूर झाला, पण भिंत आत घेऊन. समरजीतनं पिलर पाडले, आत सरकवून पुन्हा बांधले. मल्हाररावांनी भीत भीत विचारलं, "अरे, गाडी मावेल ना?"

"हो जाएगा."

आणि मावली हो, अगदी मापात. शालिनीताईंना शेजारी बसवून मल्हाररावांनी गाडी आत घातली, आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि बघतो तर दोघं आतच! या बाजूला भिंत, त्या बाजूला भिंत... दार उघडणार कुठून? गाडी पुन्हा मागे घेतली, शालिनीताई रस्त्यावर उतरल्या, माझा हात धरून घरात गेल्या, आणि मल्हारराव गाडी आत ठेवून सीटवरून मागे रांगत डिकीतून बाहेर आले.

आता रोज असंच. काल ते डिकीतून एक पाय बाहेर काढून जमीन शोधत होते. शालिनीताई दारातून शांतपणे म्हणाल्या, "बरं झालं, गुडघे माझे गेले. तुमचे गेले असते तर गाडी ठेवली असती कुणी?"