पेरूचा वास

(दक्षिण आफ्रिकेतल्या म्दान्त्साने वस्तीतलं अंगण, रविवारची दुपार. मामपिंगा कपडे धुतेय. नवरा लुंगिसा, कुळाच्या नावानं भेले, टॅक्सी चालवणारा, पायरीवर बसलाय.)

मामपिंगा: लुंगिसा, दुसऱ्यांदा विचारते. ही गुलाबी व्हेप, ही वाफेची सिगारेट, तुमच्या जाकिटात कशी आली?

भेले: आज भेले नाही, थेट लुंगिसा?

मामपिंगा: कुळाचं नाव मानासाठी असतं.

भेले: टॅक्सीत कुणीतरी विसरलं असेल.

मामपिंगा: कुणीतरी नाही, कुठलीतरी बाई. तुमची सिगारेट सुटावी म्हणून व्हेप घ्यायला गेले, तेव्हाच दुकानदार म्हणाला होता, ताई, पुरुष तंबाखूची चव नेतात, फळांच्या चवी बायकांच्या. म्हणून तुम्हाला ती काळी, तंबाखूची आणली. ही पेरूची आहे.

भेले: आहे.

मामपिंगा: आठ दिवस उशीला पेरूचा वास. ह्या कुशीवर वळले तरी वास, त्या कुशीवर वळले तरी वास. म्हटलं, असू दे. भांडायलाही अंगात जीव लागतो. फक्त तिचं नाव सांगा.

भेले: नाव नाही.

मामपिंगा: टॅक्सीत पुढच्या सीटवर बसते?

भेले: तसं समज.

मामपिंगा: बरं. एवढी चादर पिळली की मी आईकडे जाते.

भेले: थांब. माझी आहे.

मामपिंगा: कोण, ती?

भेले: बाई नाही गं. व्हेप. मीच ओढतो.

मामपिंगा: पेरूची?

भेले: तुझी काळी ओढली की सिगारेटच आठवायची. तिसऱ्या दिवशी पाकीट घेतलं. हिनं आठवत नाही. नऊ दिवस झाले, एक सिगारेट नाही. माझा खोकला ऐकलास का?

मामपिंगा: नाही ऐकला. मला वाटलं, तिच्यासाठी आवरताय.

भेले: टॅक्सीतळावर कळलं तर मेलो. त्या ड्रायव्हर फुमलानीनं एकदाच स्ट्रॉबेरीची ओढली, अजून त्याला 'नवी नवरी' म्हणतात. हाक मारून चहा करायला सांगतात.

मामपिंगा: म्हणजे बाई ठेवलीय असं मला वाटलेलं चाललं, पेरू आवडतो हे कळलेलं नाही.

भेले: बाईवरून तळावर कुणी हसत नाही, मामपिंगा.

मामपिंगा: हं. ह्या चादरीचं दुसरं टोक धरा. नीट पिळा.

भेले: उद्या कुणी खिशात पाहिली तर?

मामपिंगा: सांगा, बायकोची आहे.

भेले: आणि संपली की?

मामपिंगा: मीच आणत जाईन. दुकानदाराला माझं नवल वाटायचं नाही, भेले.