ताईला विचारलं होतं का?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या चर्चचे पाळकसाहेब. व्यासपीठावर बसलेले मंडळीचे ज्येष्ठ सभासद. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ती माझी सख्खी ताई आणि माझे भावोजी. आणि मागे चहाच्या टेबलापाशी रेंगाळणाऱ्यांसकट माझ्या सर्व बंधू-भगिनींनो,

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. इकडे येताना पाळकसाहेबांनी हळूच "जरा गोड बोला" असंही सांगितलंय. प्रयत्न करतो. पण मी पडलो वायरमन. घरातले दिवे गेले की लोक देवाचं नाव घेतात, मी आधी विचारतो, शेवटचा हात कोणी लावला होता? सवय वाईट आहे, पण तिच्यावरच माझं पोट चाललंय.

तर आधी कौतुकाचं बोलतो. माझी ताई सगळं आयुष्य इस्पितळात नर्स होती. भावोजी बस चालवायचे. दोघंही निवृत्त झाली. लोक गुडघ्यांना तेल चोळत बसतात त्या वयात ही दोघं परवा एका उष्ण, दमट देशात प्रभूच्या सेवेला निघाली आहेत. चांगली दोन वर्षं. ताई तिथल्या दवाखान्यात काम करणार, भावोजी मिशनची गाडी चालवणार. केवढी मोठी गोष्ट! टाळ्या वाजवा. वाजवा, वाजवा.

झाल्या? आता मला सांगा, जी दोघं गेली आठ-नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, ती एका खोलीत, एका मच्छरदाणीत दोन वर्षं कशी राहणार आहेत?

पाळकसाहेब, घड्याळाकडे बघू नका. इथे हे कोणाला ठाऊक नाही? मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो. सकाळी दाढी करत असतो, तर जिन्यातून भावोजींचा आवाज येतो, "तुझ्या ताईला सांग, गॅस संपत आलाय." मी वर जातो. ताई शेजारच्याच खोलीत. तिने सगळं ऐकलेलं असतं. तरी मी सांगायचं. मग ती म्हणते, "त्यांना सांग, मला डोळे आहेत." हेही मीच जाऊन सांगायचं, तोंडाला अर्धा फेस तसाच.

भांडण कशावरून? ताईच्या शिलाई मशीनवरून. ती रात्रपाळीला असताना भावोजींनी ते अनाथाश्रमाला देऊन टाकलं. न विचारता! लग्नाच्या आधीपासूनचं मशीन होतं हो ते तिचं. पण दानधर्म म्हटल्यावर बोलणार कोण? तुम्ही सगळ्यांनी याच सभागृहात भावोजींची वाहवा केलीत. ताईनेही टाळ्या वाजवल्या, घरी आली आणि बोलणं बंद केलं.

म्हणून सहा महिन्यांपूर्वी, प्रार्थना झाल्यावर, पाळकसाहेबांनी "सेवेसाठी या दोघांची नावं आली आहेत" असं जाहीर केलं, तेव्हा माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. नावं आली म्हणजे काय? चालत आली? पाळकसाहेब, तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणता, "देवाची इच्छा." असेल बुवा. पण ती इच्छा तुमच्यापर्यंत पोचवली कोणी, एवढं सांगायला काय हरकत होती? एकट्यालाही जाता येतं, हेही मी खोदून खोदून विचारून घेतलं. मग जोडी कशाला?

तेव्हापासून माझी नजर भावोजींवर. का, तर माणूस एकाएकी शीळ घालायला लागला! सुई बघून ज्यांना घेरी येते, ते तापाची लस टोचून घ्यायला हसत बाही वर करून उभे. मच्छरदाणी आणली ती बाहेरच्या खोलीत बांधली आणि दुपारभर आत बसून पेपर वाचला. म्हणे सराव! तिथली भाषा शिकवायचा वर्ग असतो, तिथे पहिल्या बाकावर कोण, तर हे. आणि ताई? ताई गप्प. विचारलं की म्हणते, "तू तुझं काम बघ." मी मनात म्हटलं, यांनी परत तेच केलं. तेव्हा मशीन दिलं, आता बायकोच देऊन टाकली. आणि देवाला दिली म्हटल्यावर पुन्हा बोलणार कोण?

भावोजी, मान खाली घालू नका. मला आता गोड बोलता यायचं नाही. परवा माझी बहीण जाणार आहे. तिला रक्तदाबाचा त्रास आहे, उकाडा सोसत नाही, आणि आई गेल्यापासून मला हक्काने रागावणारी तीच एक उरली आहे. मला भीती वाटते, सरळ सांगतो. म्हणून सगळ्यांदेखत विचारतो. पाळकसाहेब, ही नावं तुम्हाला दिली कोणी? ताईला विचारलं होतं का? तिला जायचं नसेल तर तिने आत्ता सांगावं. बांधलेल्या बॅगा मी माझ्या हाताने सोडतो.

काय गं? उभी का राहिलीस? बस, बसूनच सांग. मागच्यांना ऐकू येत नाही म्हणतायत. थांबा, मी सांगतो. मला सवय आहे.

ताई म्हणते... ताई म्हणते, नावं तिने दिली.

हो, दोन्ही! पाळकसाहेबांना गप्प राहायची तंबीही तिनेच दिली होती. आणि, काय? बरं, हेही सांगतो. ती म्हणते, "मशीन देताना त्यांनी मला विचारलं होतं? मग मीही नाही विचारलं."

हसा, हसा. मीही हसलो असतो, पण माझीच पंचाईत झाली आहे. सहा महिने ज्याला चोर समजून पाळत ठेवली, चोरी त्याच्याच घरी झाली! पण भावोजी, तुम्हाला तर त्याच दिवशी कळलं असणार. न विचारता तुमचं नाव गेलं होतं. उठून नाही म्हणायचं होतं. का नाही म्हणालात? आणि वर शीळ कसली घालत होतात?

बोला ना. मागे पोचवतो मी.

बंधू-भगिनींनो, भावोजी माझ्याकडे बघतच नाहीयेत. ते ताईकडे वळलेत. तिलाच म्हणाले, "तुला एकटीचं नाव देता आलं असतं. तू माझंही दिलंस."

जरा पाणी देता का?

अजून बरंच बोलायचं ठरवून आलो होतो. राहू दे. ताई त्यांना काहीतरी उत्तर देतेय. नाही, मला विचारू नका. ऐकू आलं असतं तरी ते मी सांगितलं नसतं.

अध्यक्षांचे, मंडळीचे, सकाळपासून खुर्च्या मांडणाऱ्यांचे आणि माझं एवढं ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल, झालंच आहे, ते पोटात घाला. भावोजी, तुमची माफी मला वेगळी मागायची आहे. पण घाई नाही. तुमचं दोघांचं बोलून होऊ द्या.