हवालदारांचं फ्रेंच

फुकटात फ्रेंच कसं शिकावं, ते मला विचारा! आमच्या गिरणीत फ्रान्सहून एक साहेब यंत्रं जोडायला येणार होता आणि त्याच्याशी बोलेल त्या कारकुनाला बढती मिळणार होती. मी तडक होटगीला गेलो, लढाईत फ्रान्सला राहून आलेल्या शिवबा हवालदारांकडे. त्यांना फी नको होती. फक्त त्यांच्या लढाईच्या गोष्टी ऐकायच्या. महिनाभरात दहा वाक्यं घोकली.

“यांचा अर्थ काय हो?”

“संध्या करताना अर्थ इचारतोस व्हय? आदी पाठ कर की!”

साहेब आला. मॅनेजरसमोर मी पहिलं वाक्य ठणकावलं. साहेब जागीच थांबला. दुसरं म्हटलं, तर त्यानं बुटासकट पाय वर उचलला. तिसऱ्याला पोट धरून हसत मोडक्या इंग्रजीत म्हणाला, “माझे वडील खेचरांना नाल ठोकताना हेच बोलायचे!”

बढती गेली. मी तणतणत होटगी गाठली.

“हवालदार, मला खेचरांची भाषा शिकवलीत?”

“मग? मी तितं खेचरंच राखली. त्यास्नी मराठी कुटं कळत हुती?” हवालदार शांतपणे म्हणाले. “पर खरं सांग, सायबानं लाथ मारली का?”